कृष्णयोद्ध्याच्या पाठीतली चिठ्ठी

बाईयानच्या किल्ल्यावर पहाट उगवायची ती आधी खालच्या नदीवर. पात्रावरचं धुकं पांढरं होई, त्यातून दोन्ही तीरांवरच्या शत्रूच्या राहुट्यांची टोकं एकेक करून वर येत, आणि सर्वांत शेवटी उत्तर दरवाजावरच्या देवळाची निळी कौलं उजळत. दक्षिण चीनच्या त्या डोंगरी मुलखात राजघराणं खिळखिळं झालं होतं, बंडाळी माजली होती, आणि मा ख्वेई नावाच्या बंडखोर सरदाराचा वेढा बाईयानला पडून त्या दिवशी त्रेचाळीस दिवस झाले होते. कोठारात बारा दिवसांचा तांदूळ होता. उत्तरेला तीन मजलांवर बादशाही कुमक तळ देऊन बसली होती. पण किल्ला अजून उभा आहे की पडला, आणि नदी पायी ओलांडायचा कोणता उतार शत्रूनं मोकळा सोडला आहे, हे तिला ठाऊक नव्हतं. ते कळवायचं कसं, एवढा एकच प्रश्न किल्लेदार वेई झाओ याच्यापुढे होता. धाडलेले तिन्ही जासूद मारले गेले होते.

वाट देवानं दाखवली. उत्तर दरवाजावरच्या देवळात उत्तर दिशेचा अधिपती होता, कृष्णयोद्धा, म्हणजे काळा वीर: मोकळे केस, अनवाणी पाय, हातात सप्तर्षी कोरलेली तलवार आणि पायांखाली कासव व सर्प. तिसऱ्या महिन्याच्या तिसऱ्या दिवशी त्याचा जन्मदिवस. त्या दिवशी चार भोई त्याला नदीवर स्नानाला नेत, तिथून वरच्या अंगाच्या तावपिंग गावी तो एक रात्र पाहुणा राही आणि दुसऱ्या दिवशी परतत असे. मा ख्वेईचं सैन्य त्याच खोऱ्यातलं. देवाला अडवलं तर आपलेच शिपाई भाले टाकून घरी जातील हे तो जाणून होता, म्हणून त्यानं निरोप धाडला: देव बाहेर येऊ द्या, भोयांची झडती घेऊ, देवाला हात लावणार नाही.

त्या मुलखातल्या लाकडी देवांच्या पाठीत एक पोकळी असते. मूर्ती घडली की मूर्तिकार तीत औषधी मुळ्या, पाच रंगांचे धागे आणि एक चिठ्ठी ठेवतो. ही मूर्ती कोणी घडवली, कुठे, कोणत्या दिवशी आणि कशासाठी, हे त्या चिठ्ठीत लिहिलेलं असतं. मग लाकडी झडप लावून वर लाखेचा रोगण देतात. मंत्र झाले की ती झडप माणसानं उघडायची नसते.

किल्लेदारानं मूर्तिकार थान चोंगदे याला बोलावून खलिता पुढे ठेवला आणि तो देवाच्या पाठीतून बाहेर न्यायचा म्हणून सांगितलं.

"देवाची पाठ मी उघडणार नाही, साहेब. आमच्या पणजोबांच्या हातची मूर्ती आहे ती."

"उस्ताद, कुमक आली नाही तर बारा दिवसांनी मा ख्वेईच त्या मूर्तीची लाकडं करून चूल पेटवील."

"पेटवू दे. ते पाप त्याचं." थाननं खलिता उचलून त्याची जाडी बोटांनी चाचपली. "मला पाच दिवस द्या. हुबेहूब दुसरी करतो. तिच्यावर मंत्र नकोत, पूजा नको. ती पेटी असेल, देव नसेल. पेटीत काय हवं ते ठेवा."

थानच्या घरी त्याची एकुलती लेक सूलान होती. वय सव्वीस. चार वर्षांपूर्वी वैधव्य घेऊन परतलेली, बापाकडून सगळी कला शिकलेली. म्हाताऱ्याचा उजवा हात अलीकडे कापत असे. गंमत अशी की छिन्नी धरली की तो स्थिर होई, कुंचला धरला की पुन्हा थरथरे. म्हणून चार वर्षं मूर्तींच्या चिठ्ठ्या सूलानच लिहीत होती.

ते पाच दिवस बापलेक कामाच्या खोलीतून उठली नाहीत. फळीवर अर्धवट घडलेले आठ सिद्धपुरुष दाटीवाटीनं उभे होते. लोखंडी कुबडीवाल्या लंगड्या सिद्धाच्या हातातला भोपळा अजून नुसता ठोकळा होता. थान त्याच्याकडे पाहून म्हणाला, "बघतोस काय? तू अमर आहेस, तुला कसली घाई? आमच्याकडे बारा दिवसांचा तांदूळ आहे." सूलान हसली. वेढा पडल्यापासून ती पहिल्यांदाच हसली असावी.

पाचव्या दिवशी मूर्तीला उदाच्या धुरात काळवंडून ऐंशी वर्षांचं वय दिलं गेलं. किल्लेदारानं स्वतः येऊन खलिता पोकळीत ठेवला. थान म्हणाला, "चिठ्ठी घालायची नाही हं, सूलान. पेटीला नाव नसतं." आणि भोयांना सूचना द्यायला तो बाहेर गेला.

सूलान एकटी उरली. उद्या हजारो माणसं या लाकडापुढे हात जोडतील, आणि आत देवाला सांगणारा एक शब्दही नसेल. कोप झाला तर तो कोणावर होईल? शिवाय, हेही खरं की बापानं आयुष्यात एवढी सुंदर मूर्ती कधी घडवली नव्हती, आणि तिच्यावर त्याचं नाव नसावं हे तिला पाहवेना. भीती किती आणि अभिमान किती, याची वाटणी तिला पुढे कधीच करता आली नाही. तिनं सुबक अक्षरांत लिहिलं: बाईयानचा थान चोंगदे यानं ही मूर्ती या वर्षी, या दिवशी घडवली, देवानं त्याला क्षमा करावी. घडी करून ती खलित्याखाली सरकवली, झडप लावली, रोगण दिला.

देव गेला. भोयांची नखशिखान्त झडती झाली. त्यांना स्वतःलाही काही माहीत नव्हतं. स्नान झालं, तावपिंगला मुक्काम झाला. तिथल्या पाटलानं पाठीवरचा ताजा रोगण पाहून काय ते ओळखलं, एकट्यानं मूर्तीजवळ बसून झडप उघडली, खलिता काढला, खाली घडी आहे हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. त्याच्याकडे रोगण कुठला असणार. त्यानं भाताच्या पेजेनं झडप चिकटवली. दिवस उजाडायच्या आत खलिता उत्तरेच्या वाटेला लागला होता.

परतीच्या वाटेवर, मा ख्वेईच्या चौकीजवळ, देवाच्या पाठीला मुंग्या लागलेल्या एका शिपायानं पाहिल्या. पेजेच्या वासानं आलेल्या. त्यानं मोठ्या भक्तिभावानं त्या झटकल्या, आणि झडप त्याच्या हातात आली.

दुपारी मा ख्वेईचा दूत दरवाजाखाली येऊन मोठ्यानं वाचू लागला: "ऐंशी वर्षांचा देव परवा जन्मला, असं त्याच्याच पोटात लिहिलं आहे. त्याचा बाप थान चोंगदे सूर्यास्तापूर्वी आमच्या हवाली करा. नाहीतर चार भोयांची डोकी त्याच पालखीतून परत येतील."

सदरेवर सगळे जमले. भोयांच्या बायका पायरीखाली बसल्या होत्या. त्या रडत नव्हत्या, नुसत्या किल्लेदाराकडे पाहत होत्या. वेई झाओनं विचारलं, "उस्ताद, चिठ्ठी घालायची नाही असं ठरलं होतं. कोणी लिहिली?"

सूलान बापाच्या मागे उभी होती. तिनं तोंड उघडलं. थाननं मागे न वळता म्हटलं, "मीच लिहिली, साहेब. चाळीस वर्षांची सवय. हात ऐकत नाही." मग तो वळला आणि रोजच्या आवाजात म्हणाला, "सूलान, चुलीवर सरस ठेवलाय तो उतू जाईल. जा, बघून ये."

आणि ती गेली.

लाकूड चिकटवायचा तो सरस उतू जाणार नव्हता. निखारे केव्हाच विझत आले होते. तरीही तिनं भांडं उतरवलं, पळीनं ढवळलं, वरची साय काढली, झाकण ठेवलं. सदरेवर परत जाण्याऐवजी जो वेळ घालवायला नको होता तो तिनं तिथे घालवला. ती धावत आली तेव्हा उत्तर दरवाजाचा अडसर पुन्हा बसवत होते.

मा ख्वेईनं म्हाताऱ्याला बसायला गालिचा दिला. चिठ्ठी त्याच्या मांडीवर होती.

"उस्ताद, मूर्ती अप्रतिम आहे. माझे शिपाई काल तिला नवस बोलले."

"लाकडाला बोलले, सरदार. फळ आलं तर मला कळवा."

मा ख्वेई हसला. "आत काय होतं?"

"कुमकेला पत्र."

"कोणी नेलं? तावपिंगकरांनी?"

"तावपिंगला पोचली तेव्हा पेटी रिकामी होती. स्नान घालताना मूर्ती पाण्यात आडवी करतात, हे आपण लहानपणी पाहिलं असेल. बांबूची नळी होती, ती तेव्हाच प्रवाहात सुटली. नदी दक्षिणेला वाहते. दक्षिणखिंडीत आमची माणसं जाळं लावून बसली होती. कुमक वळसा घालून त्याच खिंडीतून येईल."

"आणि हे मी खरं मानू?"

 मा ख्वेईनं चिठ्ठीकडे पुन्हा पाहिलं आणि तोच हळू आवाजात म्हणाला, "जो माणूस खोट्या देवाच्या पोटातही आपलं खरं नाव ठेवतो आणि क्षमा मागतो, त्याला खोटं बोलता येत नसावं."

त्याच संध्याकाळी भोई सुटले. निम्मं सैन्य दक्षिणखिंडीकडे वळलं. चौथ्या दिवशी बादशाही कुमक उत्तरेच्या उतारावरून नदी ओलांडून आली आणि वेढा उठला. थान चोंगदे पहिली तुतारी वाजली तेव्हाच मारला गेला होता. त्याचा देह छावणीमागच्या वेळूच्या बनात सापडला.

बाईयाननं त्याला देव केलं. त्या मुलखात चांगल्या माणसांचंही असं होतं. पकडलेल्या शिपायांकडून हकीकत कळली, आणि चिठ्ठीनं किल्ला वाचवला, असं जो तो म्हणू लागला. त्या चिठ्ठीची थोरवी ऐकताना सूलान मान खाली घालून पाणी भरी. वडिलांची मूर्ती तिनंच घडवावी असं ठरलं. तिनं ती घडवली: खांदे, किंचित वाकलेली पाठ, छिन्नी धरलेला स्थिर हात. डोळ्यांची बुबुळं मात्र दोन वर्षं कोरी राहिली.

तिसऱ्या वर्षी वेई झाओ स्वतः तिच्या कामाच्या खोलीत आला. केस पांढरे झाले होते त्याचे.

"सूलानबाई, मूर्तीचे डोळे कधी उघडणार, असं लोक विचारतात."

"किल्लेदारसाहेब, ती चिठ्ठी माझ्या हातची होती."

तो फळीवरच्या सिद्धपुरुषांकडे वळला. "मला माहीत होतं. तुमच्या वडिलांना चार वर्षांत एक सरळ रेघ काढता आली नव्हती. माझ्या दप्तरात त्यांच्या पावत्यांवर अंगठा आहे."

"मग आपण बोलला का नाहीत?"

"कोणीतरी जायला हवं होतं," तो म्हणाला. "आणि तुम्ही का नाही बोललात?"

"सरस उतू जात होता."

त्यानं मान हलवली.  जाताना दारात थांबून तो म्हणाला, "क्षमा मागायची असेल तर देवळात जा. मी जातो. काही होत नाही, पण जातो."

मूर्तीचे डोळे उघडण्याचा त्या घराण्याचा एक रिवाज होता. हिंगुळाच्या लाल रंगात बुडवलेल्या कुंचल्यानं बुबुळ उमटलं की देव पाहू लागतो, आणि ती पहिली नजर माणसाला सोसत नाही. म्हणून मूर्तिकार डाव्या हातानं स्वतःच्या चेहऱ्यापुढे आरसा धरतो, देवाला आधी देवच दिसतो. सूलानला भीती रागाची नव्हती. बाप रागावणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तो रोजच्यासारखाच पाहील, काम झालं का असं विचारल्यासारखा. आणि तेच तिला दोन वर्षं सोसणार नाही असं वाटत आलं होतं.

किल्लेदार गेल्यावर तिनं खिडकी उघडली. दुपारचं ऊन मूर्तीच्या तोंडावर आलं. तिनं हिंगूळ खलला, कुंचल्याचं टोक ओठांनी बारीक केलं, आरसा उचलला. मग तो पालथा घालून बाजूला ठेवला, बापासमोर चेहरा आणला, आणि उजव्या डोळ्यापासून सुरुवात केली.