खांद्यात न बसलेला सदरा

सहलीच्या कचेरीतल्या कारकुनाने मान वर न करताच विचारलं, "सर्फिंग शिकायला दोघंच ना? पोहता येतं ना दोघांना?"

शिंपीण पुढे उभी होती आणि तिच्या मागे एक घड्याळजी. एकमेकांना त्यांनी कधी पाहिलंही नव्हतं. ती वळली, त्याने तिच्याकडे पाहिलं... आणि दोघांच्या तोंडून एकदमच "हो" निघालं. समुद्रकाठची छोटीशी सुटी अशी जोडीने लिहिली गेली. चूक दुरुस्त करायला परत कुणी गेलं नाही.

मग बेत सुरू झाले. संध्याकाळी तो तिच्या दुकानात येऊन शिवणयंत्रापाशी बसायचा. लाटांवर घालायचा त्याचा अंगाबरोबरचा सदरा तीच शिवत होती.

"पडलात तर धरीन. मी माशासारखा पोहतो."

"आधी ताठ उभे राहा. घड्याळांवर वाकून पाठीची कमान झालीय."

पण दुसऱ्यांदा त्याने सदरा अंगावर चढवला आणि तिच्या ओठांतल्या टाचण्या तशाच राहिल्या. खांद्यात बसेना. तिचं माप कधी चुकत नसे. पट्टी लावली, तर दोन बोटं जास्त.

"कसला व्यायाम चाललाय?"

"मी? छे... चिमटा उचलतो, तेवढाच."

त्यानंतर त्याचं येणंच कमी झालं. आला तरी केस ओले, डोळे लाल. विचारलं की "काम होतं—" एवढंच.

दुकानात हाताखाली बसणारी तिची आत्या काजं करता करता म्हणाली, "पुरुष अंग कमावतो ते कुणाला तरी दाखवायलाच."

"मला काय त्याचं?"

"मग ती बाही का उसवतेस? बरोबर होती की."

तिच्या मनात पाल चुकचुकली ती थांबेना. एका संध्याकाळी ती त्याच्या मागोमाग निघाली. तो पोहण्याच्या तलावाच्या फाटकातून आत शिरला. आतून बाईचा आवाज आला, "घाबरू नकोस, मी धरलंय तुला."

सुटी गेली खड्ड्यात, सदऱ्याची फडकी करते... असं म्हणत तिने आत डोकावलं.

कमरेएवढ्या पाण्यात तो आडवा पडून एका पिवळ्या फळीला कवटाळत होता. गळ्यात शिट्टी अडकवलेल्या आडव्या बांध्याच्या बाईंनी त्याचं पोट तळहातावर तोललं होतं. "पाय मार. सायकल नको चालवूस."

तिला पाहताच तो पाणी प्यायला.

"माशासारखे ना?" ती म्हणाली.

खोकून खोकून त्याला बोलवेना. "तुम्ही हो म्हणालात... मी नाही म्हटलं असतं, तर त्याने मला वगळलं असतं. तुमच्या शेजारून."

ती चपला काढून काठावर बसली.

"मला वाटलं, तुम्ही आधी हो म्हणालात," ती हळूच म्हणाली. "मला तरी कुठे येतं पोहायला?"

बाईंनी कपाळाला हात लावला. "आणि निघालेत दोघं लाटांवर. उद्यापासून तूही ये गं."

त्याने ओला हात पुढे केला. "भीती वाटते?"

"वाटते. धरशील?"

"धरीन... पण मलाच अजून बाई धरतात."

तिने हसत त्याचा हात घेतला. मग सवयीने तिची नजर त्याच्या खांद्यांवर गेली.

"सदऱ्याची खांद्यातली शिवण सोडते. पण आता याहून रुंद होऊ नकोस, आत तेवढंच कापड ठेवलंय."