सत्तेचाळिसावा पत्रा

"पाय जपून… खाली बोल्ट आहे."

आवाज अगदी कानाशी आला. रोवेना दचकून वळली. मागे कुणीच नव्हतं. फक्त ऑस्ट्रेलियातल्या जुलैच्या हिवाळ्यातलं दाट धुकं आणि अँटेनाची ओली, पांढरी, अवाढव्य तबकडी.

"मागे नाही, समोर बघा!" पन्नास पावलांवर एक पिवळं हेल्मेट हललं. "या वाडग्यात आवाज भलतीकडूनच येतो. मी डार्सी. पत्रे पिळणारा."

"मी रोवेना. पत्रे मोजणारी."

"म्हणजे माझ्या चुका काढणारी!"

ती सिडनीहून तीन आठवड्यांसाठी आली होती. तबकडी स्वतःच्याच वजनानं वाकायची आणि आकाशातून येणारी क्षीण रेडिओ-कुजबुज विसकटायची. तिच्या पृष्ठभागाचा कुठला पत्रा किती खचला हे रोवेनानं मोजायचं, डार्सीनं खालून झुल्यात लोंबकळत स्क्रू फिरवून तेवढाच उचलायचा. ती आकडा सांगायची, तो विचारायचा, "आणखी काही हुकूम, मोजणीवाल्या बाई?" …आणि तिचा पुढचा आकडा हमखास चुकायचा.

दुसऱ्या आठवड्यात सत्तेचाळिसावा पत्रा विचित्र वागू लागला. तबकडी सरळ आकाशाकडे, वारा नाही — तरी दुपारी चारला तो चार मिलिमीटर खाली. सकाळी पुन्हा जागेवर! जणू रोज कुणीतरी येऊन बसत होतं.

"भूत चांगलंच जाडजूड दिसतंय," डार्सी हसला. पण त्या पत्र्यावर पाय ठेवायचं त्यानं टाळलं, हे तिनं पाहिलं.

शुक्रवारी आकडा नऊवर गेला. तिनं मोजणीच्या दुर्बिणीचं भिंग पुसलं. अकरा. पत्रा तिच्या डोळ्यांदेखत उतरत होता… सावकाश, श्वास सोडल्यासारखा.

"डार्सी! कुठे आहात?"

"तुमच्या भुताच्या बरोब्बर खाली!"

"आत्ताच्या आत्ता उतरा."

"का? काय दिसलं?"

"माहीत नाही…"

"साहेबांना काय सांगू मग?"

"सांगा, मला भीती वाटली. डार्सी — उतर ना रे!"

त्या 'रे'नं की काय, तो मुकाट्यानं उतरला. ती धापा टाकत जिना उतरून त्याच्यापाशी पोचते न पोचते तोच वर काहीतरी कण्हलं. पुरुषभर लांबीची आधाराची दांडी धुक्यातून कोसळली आणि त्याचा रिकामा झुला घेऊन मातीत रुतली. कुंपणापलीकडची मेंढरं पळाली नाहीत. सगळी एकाच वेळी मान वर करून तबकडीकडे बघत राहिली.

"दांडीला जुना तडा होता," तपासायला आलेला इंजिनियर म्हणाला. मग तिची वही चाळत थांबला. "पण तडकलेली दांडी सकाळी आपोआप सरळ होत नाही. हा पत्रा रोज वर कसा यायचा?"



नवी दांडी बसली. शेवटच्या दिवशी चार वाजता आकडा शून्य आला. डार्सी शेजारी येऊन बसला.

"काल चढताना भीती वाटली मला."

"साहजिक आहे."

"पडायची भीती नव्हती गं. सोमवारी चढेन, तेव्हा वर तू नसशील… त्याची होती." तो हातमोज्याचा धागा ओढत राहिला. "आवडतेस तू मला. झालं, बोललो."

"मी मुक्काम सहा महिने वाढवून घेतलाय," ती म्हणाली. "तबकडी कलती करून मोजायची राहिलीय."

"एवढंच कारण?"

तिनं हात पुढे करून त्याच्या छातीवरचा सुरक्षापट्टा एक घर आवळला… आणि हात तिथेच राहू दिला.

"नाही," ती म्हणाली.