लाल तळ्याची मोहीम आणि मागची बॅटरी

गाडीतल्या छोट्या ओट्याच्या वर, मिठाच्या डबीशेजारी बसवलेल्या मीटरवर तीन लाल आकडे होते. त्यातला शेवटचा आकडा जरासा लुकलुकला, दोनाचा एक झाला आणि तिथेच थांबला. एवढा बदल कोणाच्या लक्षात येत नाही. धाकटीच्या आला. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत अशाच शेवटच्या आकड्यांवर नजर ठेवून ती पगार घेत होती.

"दादा, मागची बॅटरी भरत नाहीये."

"भरतेय गं," स्टिअरिंगवरून दादा म्हणाला. "गाडी चालली की बॅटरी भरते. गाडी चाललीये. मग?"

"आकडा उतरतोय."

"मीटर स्वस्तातला आहे, प्रोफेसर! एवढं मनावर नाही घ्यायचं."

धाकटी प्रोफेसर नव्हती. पण जो कोणी आकडा उच्चारेल तो दादाच्या लेखी प्रोफेसर, आणि प्रोफेसर म्हणजे कामाचा नसलेला माणूस. शेजारी बसलेली वहिनी हसली. लग्नाला वीस वर्षं झाली तरी नवऱ्याच्या विनोदाला हसायची सवय तिने मोडली नव्हती.

पठाराच्या पार टोकाला लाल तळं होतं. तिघं निघाली होती ती त्यासाठी. उन्हाळ्यात तिथे कोणीही जातं. हिवाळ्यात, बर्फ पडल्यावर, अजून एकही गाडी तिथे पोहोचली नव्हती. पहिली गाडी आपली असावी, तीही स्वतः बांधलेली, असं दादाच्या डोक्यात बसलं होतं. गाडीच्या मागे त्याने स्वतःच्या फोटोचा एक कापडी फलकही गुंडाळून ठेवला होता. तळ्याकाठी उभं राहायचं, फलक धरायचा, फोटो काढायचा! तळ्याने इतकी वर्षं बहुधा याचीच वाट पाहिली होती.

धाकटीला फलकाशी देणंघेणं नव्हतं. त्या तळ्याचं पाणी लाल दिसतं ते खारात जगणाऱ्या सूक्ष्म जिवांमुळे. बर्फाखाली ते जगतात का, जगत असतील तर कसे, हे कोणी पाहिलं नव्हतं, कारण हिवाळ्यातलं पाणी कोणी आणलंच नव्हतं. तिला फक्त एक बाटली हवी होती. फ्रीजमध्ये तिच्या निर्जंतुक केलेल्या चार बाटल्या रिकाम्या उभ्या होत्या. एवढ्यासाठी ती दादाच्या गाडीत बसली होती. आणि दादाला तर ती जन्मापासून ओळखत होती!

दादा स्वयंपाकघरातली कपाटं बनवायचा. आपल्या कारखान्यातच त्याने ही गाडी आतून बांधली. कपाटं सुरेख झाली होती, हे धाकटीलाही कबूल होतं. एकही दार करकरत नव्हतं, एकही खण अडकत नव्हता. मात्र कपाटांच्या मागे काय होतं ते दिसत नव्हतं, आणि जे दिसत नाही त्याच्यावर दादा कधीच वेळ घालवत नसे.

गाडीत बॅटऱ्या दोन. चालकाच्या सीटखालची इंजिन सुरू करायला. पलंगाखालची घर चालवायला. दिवे, पाण्याचा पंप, फ्रीज आणि मुख्य म्हणजे हीटरचा पंखा या मागच्या बॅटरीवर. हीटर टाकीतलंच पेट्रोल जाळायचा, पण पंखा फिरला नाही तर तो पेटतच नसे. इंजिन चालू असलं की पुढून एका वायरीने मागची बॅटरी भरावी, अशी योजना. योजना चांगली होती. वायर दादाने टाकली होती.

"पलंगाखालची फळी काढून बघू का?" धाकटीने दुसऱ्या दिवशी विचारलं.

"माझ्या फिटिंगला हात लावायचा नाही!"

तिने लावला नाही. तेव्हाच मागे फिरलं असतं तर पेट्रोल पुरून उरलं असतं, हेही तिला माहीत होतं. पण तळं आता एका दिवसाच्या अंतरावर होतं. तिने आकड्याकडे पाहिलं, दादाच्या मानेकडे पाहिलं, मनातल्या मनात दोन शेलकी विशेषणं वापरली आणि गप्प बसली. तुच्छतेचा हा एक फायदा असतो. ती मनात आणली की काही केल्यासारखं वाटतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी पठार नाहीसं झालं! आधी क्षितिजावर एक पांढरी रेघ दिसली. मग ती रेघ भिंतीएवढी झाली, आणि वारा गाडीच्या एका कुशीवर असा आदळला की कपाटातली भांडी एकदम दचकली. बॉनेटच्या पुढे काही दिसेना. रस्ता कुठे संपतो आणि मिठाची दलदल कुठे सुरू होते, ते सांगायला एक दगडही उरला नाही.

"थांब!" धाकटी ओरडली. "आता एक हातही पुढे नको!"

दादाने गाडी थांबवली आणि लगेच इंजिनही बंद केलं. "पेट्रोल तळ्यासाठी आहे," तो म्हणाला. "हीटर लावा. वादळ जाईल."

हीटर लागला. आकडा उतरू लागला. फ्रीज, दिवे, दादाच्या कॅमेऱ्याचे तीन चार्जर, सगळं त्या एका बॅटरीच्या जिवावर. तासाभराने दादालाही मीटर दिसला. मग त्याच्या चेहऱ्यावर तो भाव आला, जो लहानपणी घरचा रेडिओ खोलताना यायचा. त्या रेडिओने पुन्हा कधी तोंड उघडलं नाही.

"सोपं आहे!" तो म्हणाला. कपाटातून त्याने घरी भिंतीच्या सॉकेटला लावायचा बॅटरीचा चार्जर काढला. गाडीतल्या इन्व्हर्टरला त्याची पिन लावली आणि चार्जरचे दोन चिमटे पलंगाखालच्या बॅटरीला. चार्जरवर हिरवा दिवा लागला.

"बघ! आतल्या आत चार्जिंग! बाहेर पाऊल टाकायला नको!"

"दादा, इन्व्हर्टर कशावर चालतो?"

"बॅटरीवर."

"कुठल्या?"

"मागच्या. दुसरी कुठली?"

"आणि तू भरतोयस कुठली?"

"मागची. अगं, तेच तर डोकं लढवलंय!"

"टाकीतलं पाणी मगाने काढून तू त्याच टाकीत ओततोयस. प्रत्येक मग थोडा सांडतोय."

"पण दिवा हिरवा आहे ना!" वहिनी म्हणाली. "नसती भरत तर हिरवा लागला असता का?"

यावर धाकटीकडे उत्तर होतं, पण ते द्यायला शाळेच्या सातवीच्या विज्ञानापासून सुरुवात करावी लागली असती. इन्व्हर्टरचा पंखा मोठ्या उत्साहाने घोंघावत होता. दोघंही नवराबायको त्या हिरव्या दिव्याकडे बाळाकडे बघावं तसं बघत होती. मीटरचा शेवटचा आकडा मात्र आता दर क्षणाला पायरी उतरत होता.

इन्व्हर्टरने किंकाळी फोडली आणि मान टाकली. हिरवा दिवा गेला. पाठोपाठ हीटरचा पंखा थांबला. गाडीत एकदम शांतता झाली, आणि त्या शांततेत थंडी फळ्यांमधून आत सरकताना ऐकू येते की काय असं वाटलं.

"वायर सैल असेल," दादा म्हणाला. पण आवाजातली हवा गेली होती.

धाकटीने आता परवानगी मागितली नाही. स्क्रू-ड्रायव्हर घेतला. फळी उचकटली. पुढून येणारी वायर तिने बोटांत धरली आणि दादासमोर नाचवली. दारावरच्या घंटीला लावतात तशी बारीक, मधोमध जळून काळी पडलेली!

"ही घातलीस? इंजिनाला?"

"घरात पडून होती," दादा म्हणाला.

गाडीत जंपर केबल होती, जाड, बोटाएवढी. तिने चालकाच्या सीटखालचं झाकण काढलं, केबल आतूनच पलंगापर्यंत ओढली. लाल चिमटा लाल टोकाला, काळा काळ्याला. ठिणगी उडाली. वहिनी किंचाळली. "किल्ली फिरव!" धाकटी ओरडली.

"तळ्याचं पेट्रोल जाळणार तू!"

"फिरव!"

इंजिन धडधडलं. मीटर थरथरला, चढला, आणखी चढला. हीटरचा पंखा खोकला आणि फिरू लागला. गरम हवेची पहिली झुळूक घोट्याला लागली तेव्हा धाकटीला विजयी सेनापतीसारखं वाटलं, आणि पराभूत पक्ष समोर ब्लँकेट गुंडाळून बसलेला असल्याने ते जास्तच गोड लागलं.

"सायलेन्सर बर्फात बुजता कामा नये," ती म्हणाली. "दर थोड्या वेळाने बाहेर जाऊन मोकळा कर."

"जातो ना."

एकदा गेला. दुसऱ्यांदा दाराच्या फटीतून डोकावला आणि "मोकळाच आहे" म्हणून परत बसला. धाकटी आकडे चढताना बघत होती. किती सुंदर चढत होते! मग ते पुसट झाले. मग एकाचे दोन दिसू लागले. तिने डोळे चोळले. कपाळात ठोके पडत होते. वहिनी भिंतीला टेकून झोपली होती, दिवसाउजेडी, तोंड उघडं टाकून.

पायाजवळ, वायरीसाठी दादाने गाडीच्या तळाला पाडलेल्या भोकातून, ऊबदार धूर येत होता.

विषारी वायू! तिने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. दाराला खांदा दिला. दार उघडेना! पुन्हा! वाऱ्याने ते हिसकावून घेतलं. बर्फाचा लोट आत शिरला. तिने वहिनीच्या काखेत हात घातले, ओढलं, पायरीवरून खाली ओढलं, बर्फात बसवलं, गालावर दोन थपडा मारल्या.

"वहिनी! श्वास घे! घे म्हणते ना!"

वहिनी खोकली. उलटी झाली. मग ती रडू लागली, आणि इतका छान आवाज धाकटीने आयुष्यात ऐकला नव्हता. मागून दादा रांगत आला. "मी... मी बघितलं होतं," तो म्हणत होता.

"काय बघितलं होतंस?"



धाकटीने फावडं घेऊन स्वतः सायलेन्सर मोकळा केला. भोक कशाने तरी बुजवायला हवं होतं. हाताशी फलक आला. दादाचा हसरा चेहरा तिने मुठीने ठासून ठासून त्या भोकात बसवला. चोख बसला. इतक्या दिवसांत दादाची उपयोगी पडलेली ही पहिलीच गोष्ट.

उरलेलं वादळ त्यांनी पाळीपाळीने काढलं. खिडकी बोटभर उघडी. एकजण फावडं घेऊन बाहेर, इंजिन थोडा वेळ चालू. बॅटरी भरली की इंजिन बंद, हीटर चालू. पुन्हा बर्फ, पुन्हा किल्ली. सोबत आणलेल्या पेट्रोलचा दुसरा डबाही टाकीत रिकामा झाला. फावडं मारता मारता धाकटीला एक गोष्ट स्पष्ट दिसली, आणि ती तिला अजिबात आवडली नाही. दादाला समजत नव्हतं, म्हणून तो निर्धास्त होता. तिला पहिल्या आकड्यापासून समजत होतं, आणि तरीही ती गप्प होती, एका बाटलीसाठी. सायलेन्सरकडे तिनेही कुठे पाहिलं होतं? ती तर आकडे बघत बसली होती! दोघांत जास्त मूर्ख कोण, हे ठरवायला मीटर लागत नव्हता.

सकाळी वारा पडला. पठार धुतल्यासारखं लखलखीत झालं, आणि दूर, अगदी टोकाला, बर्फात ओढलेली एक बारीक लाल रेघ दिसली.

"तळं!" दादा नाचायचाच बाकी राहिला. "दिसतंय! अगं, हे काय, इथेच तर आहे! टाकीत आहे तेवढ्यात पोहोचू. येताना उतारावर गाडी बंद करून सोडून देऊ."

"येताना चढ आहे," धाकटी म्हणाली.

"कुणीतरी भेटेलच वाटेत!"

"तीन दिवसांत कोण भेटलं?"

दादा तिच्याजवळ आला. आवाज खाली आणला. "आणि तुझी बाटली? एवढ्या लांब येऊन रिकामी नेणार?"

तिने त्या रेघेकडे पाहिलं. तिचा रंग तिला वाटला होता त्याहून गडद होता. म्हणजे जिवंत असणार. बर्फाखाली, या थंडीत, जिवंत!

पायरीवर वहिनी बसली होती, ओठ अजून निळसर, ब्लँकेट खांद्यावर. ती हसत नव्हती.

"तीन दिवस तुझ्या चेहऱ्यावर काहीतरी दिसतंय," ती धाकटीला म्हणाली. "मला वाचता येत नाही असलं काही. एकदा तोंडाने बोल ना."

धाकटीने लाल रेघेकडे पाठ केली आणि हात पुढे केला.

"किल्ली दे, दादा. परत फिरायचं."