तिसऱ्या स्टँडवरचे चष्मे

पटलं नाही तर सोडून द्या, पण मला खोटं पाडायला येऊ नका. त्या संध्याकाळी सभागृहात नऊशे माणसं बसली होती. शेवटी जे झालं ते नऊशे जणांनी स्वतःच्या कानांनी ऐकलंय.

त्याच्या आधी काय काय झालं, ते मात्र मला एकटीलाच ठाऊक आहे.

एप्रिलचा दुसरा गुरुवार. आमच्या शहराच्या ऑर्केस्ट्राच्या वसंत हंगामातला शेवटचा कार्यक्रम. आठ वाजायला दहा मिनिटं होती.

मी तिथे वाजवत नाही. मी नोटेशनच्या प्रती सांभाळते. सभागृहाच्या तळघरात माझी खोली आहे. खिडकी नाही, चार लोखंडी कपाटं, एक टेबल. कोणापुढे कोणती प्रत ठेवायची, ती परत आली का, कुठे फाटली का, हे बघायचं. एकवीस वर्षं हेच करतेय. माझा स्वभाव तिरसट आहे. लोक तोंडावर सांगतात, त्यामुळे मला माहीत आहे.

आता एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

व्हायोलिनवाले दोघं मिळून एका स्टँडवरून वाजवतात. दोघांत एकच प्रत. प्रेक्षकांच्या बाजूला बसतो तो वाजवत राहतो आणि आतल्या बाजूचा पान उलटतो. कुठे जपायचं, कुठे गज वर न्यायचा, ते पेन्सिलने प्रतीवर लिहून ठेवतात. आणि जिथे हमखास चूक होते, तिथे एक छोटासा चष्मा काढतात. दोन गोल, मध्ये दांडी. म्हणजे 'इथे डोळे उघडे ठेव'.

तिसऱ्या स्टँडवर, प्रेक्षकांच्या बाजूला, एक बाई एकतीस वर्षं बसत होत्या. त्यांच्याइतके चष्मे कोणीच काढत नसे. आम्ही त्यांना पाठीमागे चष्मेबाई म्हणायचो. गंमत म्हणजे त्यांना स्वतःला चष्मा नव्हता.

हंगाम सुरू व्हायच्या अकरा दिवस आधी बाई गेल्या.

आणि ती खुर्ची माझ्या धाकट्या बहिणीला मिळाली.

कायमची नाही हं. चार गुरुवार, चार कार्यक्रम. जमलं तर खुर्ची तिची, नाही जमलं तर घरी. धाकटी अडतीस वर्षांची. त्यासाठी तिने शाळेतली नोकरी सोडली होती. याआधी दोनदा परीक्षेला बसली आणि दोन्ही वेळा नापास झाली. दोन्ही वेळा नापास करणाऱ्या चष्मेबाईच होत्या. निकालाच्या कागदावर त्यांनी लिहिलं होतं, "वाजवते छान. पण हिला गप्प राहता येत नाही."

तो कागद धाकटीने माझ्यासमोर फाडला होता. फार रडली होती पोर. मी ते विसरले नव्हते.

आमच्याकडे एक जुनी रीत आहे. हंगामाच्या तोंडावर कोणी वादक गेला, तर पहिल्या कार्यक्रमात त्याची खुर्ची रिकामी ठेवायची. आणि त्याच्या पेन्सिलच्या खुणा हंगाम संपेपर्यंत पुसायच्या नाहीत. मला हे काम शिकवणारे म्हातारे गृहस्थ म्हणायचे, "जिवंत माणसाच्या खुणा त्याला विचारून पूस. मेलेल्याला विचारता येत नाही, म्हणून थांब."

मी थांबले नाही.

व्यवस्थापकांना म्हटलं, खुर्ची रिकामी ठेवली तर पोरीचा एक कार्यक्रम फुकट जाईल, कसली रीत घेऊन बसलात! त्यांनी ऐकलं. मग रविवारी दिवसभर तळघरात बसून मी बाईंच्या सगळ्या प्रती पुसल्या. दोनशे चौदा चष्मे. मोजले मी.

खोटं कशाला बोलू, पुसताना मला बरं वाटत होतं.

सोमवारी सकाळी दहाला पहिली तालीम. धाकटीच्या शेजारी पान उलटायला जो बसतो, त्याला आम्ही डुलक्या म्हणतो, कारण वाजवताना तो डुलतो. तो आणि मी एकाच वर्षी इथे लागलो. त्याने प्रत उघडली आणि डुलायचाच थांबला.

मधल्या सुट्टीत तडक तळघरात आला.

"बाईंच्या खुणा कुठे गेल्या गं?"

"पुसल्या."

"कोणाला विचारून?"

"कोणाला विचारायचं? फोन लावू का बाईंना?"

तो हसला नाही. एरवी माझ्या फालतू विनोदांनाही हसतो.

"त्या होत्या तेव्हासुद्धा मी त्यांच्या खुणेला हात लावला नाही," एवढंच म्हणाला आणि गेला.

मंगळवारी सकाळी मी कपाट उघडलं. किल्ली माझ्या गळ्यात असते, दुसरी किल्लीच नाही. सहज म्हणून तिसऱ्या स्टँडची प्रत चाळली.

चौथ्या पानावर...

एक चष्मा.

माझं डोकंच फिरलं. वर जाऊन डुलक्याला सगळ्यांसमोर झापलं. त्याने मुकाट्याने आपली पेन्सिल पुढे केली. निळी. प्रतीवरचा चष्मा काळा होता.

मी पुसला. बुधवारी परत आला. पुन्हा पुसला.

गुरुवारी सकाळी दोनशे चौदाच्या दोनशे चौदा जागेवर होते.

आणि या वेळी चष्म्यांच्या आत डोळे होते.

बाईंनी कधी डोळे काढले नव्हते. नुसते दोन गोल असायचे. आता प्रत्येक गोलात एक ठिपका होता, आणि सगळे ठिपके एकाच बाजूला होते. जिथे धाकटी बसणार, त्या बाजूला.

मी कोणाला काही बोलले नाही. काय सांगणार? दुपारचं जेवण सोडून हाताला रग लागेपर्यंत पुसत बसले. संध्याकाळी पहिला कार्यक्रम झाला. धाकटी उत्तम वाजवत होती. टाळ्या पडल्या. मी म्हटलं, चला, एक झाला.

घरी जाताना ती गप्प होती. धाकटी आणि गप्प! मग रस्त्यात मध्येच म्हणाली, "ताई, सुरुवात करताना आम्ही सगळे एकदम श्वास घेतो ना, माहितीये ना तुला?"

"हो. मग?"

"माझ्या उजव्या बाजूने पण कोणीतरी श्वास घेतं."

"डुलक्या असेल."

"डुलक्या डावीकडे असतो गं. उजवीकडे कोणीच नसतं. तिकडे स्टेज संपतं."

मी म्हटलं, "दमलीयेस, झोप जाऊन." 

पुसलेले चष्मे परत येत राहिले, मी पुसत राहिले. दुसऱ्या गुरुवारी तो श्वास तिच्या आधी यायला लागला. सगळ्यांच्या क्षणभर आधी... आणि मग धाकटीचा गज उचलला जायचा. एक-दोनदा ती घाईने वाजवून गेली. कंडक्टरांनी तिच्याकडे एकदा बघितलं. नुसतं बघितलं, पण आमच्याकडे तेवढं पुरतं.

तिसऱ्या गुरुवारी कार्यक्रम संपल्यावर तिने केस वर बांधले. मानेच्या डाव्या बाजूला व्हायोलिनचा वण असतो, तो सगळ्याच वादकांना असतो. मी उजवी बाजू बघितली.

चार निळे डाग. ओळीने. तार दाबताना बोटं पडतात तसे.

"हे काय गं?"

"कुठे काय?" तिने आरशात पाहिलं आणि पटकन ओढणी घेतली. "काही नाही. एकच कार्यक्रम राहिलाय ताई. एकच. तू आता काही काढू नकोस."

"आजारी आहे म्हणून कळव. नको वाजवूस."

"आणि मग? परत शाळेत जाऊ? जागा भरली त्यांनी. ही खुर्ची गेली तर मला कोण बोलावणारे या वयात? तूच म्हणायचीस ना, हट्ट सोडू नको म्हणून?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. की अगं, मी पुसलंय. राग माझ्यावर आहे, भोगतेयस तू. जिभेवर आलं होतं. पण ती माझ्याकडे असा भरवसा टाकून बघत होती, की माझी हिंमतच झाली नाही. माझ्या भित्रेपणाला दुसरं नाव नाही.

शेवटच्या गुरुवारी दुपारी तीन वाजता मी तळघराचं दार लावून घेतलं. रिकाम्या खोलीत हात जोडले. म्हटलं, "बाई, चुकलं माझं. रविवारी मीच बसले होते इथे खोडरबर घेऊन. पोरीला काही माहीत नाही. तिला सोडा."

काहीच झालं नाही. वर कोणीतरी खुर्च्या सरकवत होतं, तेवढाच आवाज.

मग मी प्रत उघडली.

पानं कोरी होती. एकही चष्मा नाही, एकही डोळा नाही. स्वच्छ छापील ओळी. मी वेड्यासारखी पुन्हा पुन्हा पानं उलटली आणि अक्षरशः रडले. वाटलं, ऐकलं बाईंनी. सुटलो एकदाचे. स्वतःच्या हाताने ती प्रत नेऊन तिसऱ्या स्टँडवर ठेवली.

शेवटचं पान मात्र मी नीट पाहिलं नाही. आनंदात राहून गेलं.

त्या दिवशीच्या रचनेत शेवटाकडे एक जागा आहे. साठ-पासष्ट वाद्यं जीव खाऊन वाजत असतात आणि एकदम सगळं थांबतं. पूर्ण शांतता. कंडक्टरांचा हात हवेत. कोणी खोकतही नाही. मोजून अकरा सेकंद, आणि मग सगळे हळूच पुन्हा सुरू करतात. वादक स्वप्नातही घाबरतात ते या जागेला. सगळे गप्प असताना आपण एकट्याने वाजवायचं, याहून मोठी नाचक्की नाही.

बाईंनी तिथे चष्मा काढला होता. सगळ्यात मोठा, तीनदा गिरवलेला.

तोही मी पुसला होता.

मी स्टेजच्या बाजूला, पडद्याआड उभी होते. आठ वाजायला दहा मिनिटं. सगळी वाद्यं थांबली. शांतता पसरली...

आणि त्या शांततेत कोणीतरी श्वास घेतला.

मला ऐकू आला. एवढ्या लांबून.

मग एक व्हायोलिन वाजलं.

माझ्या बहिणीचं.

चुकून एखादा स्वर निसटतो तसं नाही. ठाम. मोठ्याने. सबंध सुरावट वाजवली तिने, डोळे प्रतीवर लावून, पुढची ओळ, त्याच्या पुढची ओळ... कंडक्टरांचा हात तसाच हवेत. डुलक्याने तिच्या बाहीला धरलं, तरी गज थांबेना. जुने वादक माना वळवून बघत होते, पण धाकटीकडे नाही. तिच्या उजवीकडे. एकतीस वर्षं त्यांनी तो गज ऐकला होता, त्यांना ओळखता येणार नाही का?

अकरा सेकंद.

मग ती थांबली. मागे कोणीतरी हसलं. ते हसू मला अजून ऐकू येतं.

स्टेजमागे मी तिला गाठलं. "ताई, माझ्या पानावर विराम नव्हता," एवढंच परत परत म्हणत होती. "तिथे सूर होते. शपथ. विराम नव्हताच."

मी पळत जाऊन प्रत आणली. शेवटचं पान दिव्याखाली धरलं.

विरामाच्या जागी काहीच नव्हतं. सूर नव्हते, विराम नव्हता. कागद घासून घासून इतका झिजला होता, की पलीकडची माझी बोटं दिसत होती. आणि घडीत खोडरबराचा भुगा.

छापील शाई खोडरबराने जात नाही. एकवीस वर्षं मी हेच काम करते, मला सांगू नका.

खुर्ची गेली. निकालाच्या कागदावर कंडक्टरांनी एकच ओळ लिहिली होती. त्यांनी बाईंचा जुना कागद कधी पाहिला नव्हता. तो फाटून कचऱ्यात गेला होता. तरी ओळ तीच होती... शब्दाला शब्द.

त्याच रात्री मी धाकटीला सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू एकदा विचारायचंस तरी." मग दार लावलं. तेव्हापासून बोललेली नाही. माझी सख्खी बहीण, चार गल्ल्या पलीकडे राहते. व्हायोलिन कपाटावर टाकलंय म्हणे. उघडत नाही.

या वर्षी वसंत हंगामात तिसऱ्या स्टँडवरची ती खुर्ची आम्ही रिकामी ठेवली. चारही गुरुवार. मी स्वतः ती पुसून ठेवायची आणि तिच्याकडे न बघता खाली यायची. मला वाटलं, आता तरी फिटलं.

काल दुपारी मोबाईल वाजला. धाकटीचा मेसेज, सबंध वर्षानंतर. हातातलं काम टाकून मी तो उघडला. तिने एक फोटो पाठवला होता. तिच्या स्वयंपाकघरातल्या भिंतीवरचं कॅलेंडर. उद्याच्या तारखेच्या चौकोनात पेन्सिलने काढलेला एक चष्मा. काळा, तीनदा गिरवलेला.

त्यातले डोळे सरळ समोर बघत होते.

खाली तिने लिहिलं होतं, "ताई, हे तू केलंस का?"

मी वर्षभरात तिच्या घराची पायरी चढलेली नाही.

चष्मा म्हणजे 'डोळे उघडे ठेव'. बाई तिला सावध करतायत, की अजून राग गेलेला नाही, मला कळत नाही. 'हो' लिहिलं तर ती निर्धास्त होईल. 'नाही' लिहिलं तर ती घाबरेल.

कालपासून चार वेळा उत्तर लिहिलं.

चारही वेळा पुसलं.