निवळी

पणजीच्या धक्क्यासमोर नांगरलेल्या कॅसिनोच्या जहाजावर आता कोणी ओरडत नसे. रूलेचं चाक फिरे, गोटी एखाद्या घरात पडे, आणि टेबलाभोवतीची माणसं बँकेत आपला नंबर येण्याची वाट पाहावी तशी पुढच्या फेरीची वाट पाहत बसत. कोण हरला आणि कोण जिंकला, हे चेहऱ्यावरून ओळखता येत नसे.

कायदाच तसा झाला होता. नेहमी खेळणाऱ्यांमध्ये हृदयविकार इतका वाढला होता, की महिन्यातून चारदा येणाऱ्या प्रत्येकाला कानामागे ‘निवळी’ बसवून घेणं सक्तीचं झालं. गढूळ पाण्यातला गाळ खाली बसावा म्हणून पूर्वी माठात जी बी उगाळत, तिच्यावरून हे नाव पडलं. मसुराच्या डाळीएवढी चकती, त्वचेच्या आत बसवलेली. मेंदूपासून मानेतून खाली हृदयापर्यंत आणि जठरापर्यंत एक लांब चेता, म्हणजे मज्जातंतू, जाते. धावणाऱ्या हृदयाला आवरण्याचं काम तिचं. नाडी आणि घामातली रसायनं यांवरून ताण चढू लागल्याचं निवळीला कळे, की ती त्या चेतेला विजेचे बारीक झटके देई आणि ताण उतरे. काही महिन्यांत तर ती आपला माणूस शिकून घेई, आणि ताण चढायच्या आधीच त्याला शांत करी.

निनाद तेंडोलकरने ती दोन वर्षांपूर्वी बसवून घेतली. तो मांडवीत चालणाऱ्या एका मालवाहू बार्जचा मास्टर होता, म्हणजे बार्ज चालवण्याची सगळी जबाबदारी त्याची. सुट्टीच्या दिवशी दुपारी तो रूले खेळे. पूर्वी हरून आला, की त्याची बायको केतकी स्वयंपाकघरातून बाहेर यायची नाही, कारण समोरचं ताट भिंतीवर जाण्याची शक्यता असे. निवळी आली आणि ते थांबलं. हरल्याचं त्याला वाईट वाटेना, जिंकल्याचा आनंदही होईना, पण जायची सवय सुटली नाही. केतकीने तेवढं चालवून घेतलं.

सप्टेंबरातली एक सकाळ. भरलेली बार्ज घेऊन निनाद नदीच्या मुखाशी आला. तिथे वाळूचा बांध आहे आणि पावसाळ्यात तो जागा बदलतो. यंत्रावरचा नकाशा चार दिवसांपूर्वीचा होता. इतकी वर्षं अशा वेळी निनादच्या पोटात खड्डा पडायचा. पाण्याचा रंग किंचित बदललेला असे, लाटेची घडी वेगळी पडलेली असे. डोळ्यांनी ते टिपलेलं असे, पण विचारापर्यंत पोचलेलं नसे. शरीराला आधी कळे. पोटात खड्डा पडला, की तो सुकाणूचं चाक फिरवी आणि का फिरवलं ते मागाहून शोधी.

त्या सकाळी पोटात काही झालं नाही. बार्ज वाळूवर चढली, कलली, आणि पुढच्या टोकाला दोर आवरत असलेला रोहिदास गावस पाण्यात गेला. तेरा वर्षं तो निनादबरोबर खलाशी होता. त्याचा डावा हात कठड्यावर क्षणभर दिसला आणि सुटला.

त्यानंतर निनादने एकही चूक केली नाही. इंजिन थांबवलं, होडी सोडली, किनाऱ्यावर संदेश दिला. रोहिदास तिसऱ्या दिवशी सापडला. बेतीला त्याच्या घरी जाऊन बातमी निनादनेच सांगितली, सावकाश, सगळं नीट क्रमाने. रोहिदासची बायको प्रणिता त्याचा चेहरा निरखत होती. मग तिने विचारलं, “तुम्ही तेरा वर्षं त्याच्याबरोबर जेवत होतात ना?”

चौकशी समितीने निवळीतली नोंद मागवली. अपघाताच्या आधी, अपघातात आणि नंतर मास्टरची नाडी एकदाही बहात्तरच्या वर गेली नव्हती. निनादने समितीला सांगितलं, की मी घाबरलो असतो तर अर्धं मिनिट आधी चाक फिरवलं असतं. समितीचे अध्यक्ष स्वतः जुने कप्तान होते. त्यांनी मायेने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि भला माणूस दोष स्वतःकडेच घेतो असं म्हणाले. अहवालात निनादच्या संयमाचं कौतुक होतं, आणि यापुढे सर्व बार्जच्या मास्टरांना निवळी बसवावी अशी शिफारस होती.

तो अहवाल वाचून झाल्यावर निनादने निवळी काढायचं ठरवलं. केतकीला हे पटेना. ती म्हणाली, “मला या दोन वर्षांत पहिल्यांदा घरात भीती वाटली नाही. तेच तू आता काढून घेणार आहेस.” निनादने ताट फेकणार नाही असं वचन दिलं, पण ते कशाच्या भरवशावर दिलं हे दोघांनाही सांगता आलं नसतं. तरीही ती त्याच्याबरोबर दवाखान्यात आली.

डॉ. इरावती सरदेसाईंनी सगळं ऐकून घेतलं. निनादने विचारलं, की काढल्यावर रोहिदाससाठी मला रडू येईल ना?

“नवीन गोष्टींसाठी येईल,” डॉक्टर म्हणाल्या. “पण आठवण तयार होताना भीतीचं, दुःखाचं रसायन तिला चिकटतं, आणि पुढे आठवण आली की तेही जागं होतं. त्या सकाळी तुमच्या शरीरात भीती झालीच नाही. त्या आठवणीला शांतपणा चिकटला आहे. मी चकती काढू शकते, तो नाही काढू शकत.”

निनादने चकती काढून घेतली. पहिले काही दिवस दारावरची बेल वाजली तरी तो दचके. एकदा केतकीच्या हातून भांडं पडलं आणि तो ओरडला. रोहिदासचा फोटो तो रोज काढून बघे. काहीच होत नसे.

महिन्यातून एकदा जाणाऱ्याला निवळीची सक्ती नव्हती. महिन्याभराने एका दुपारी तो जहाजावर गेला. फेरी हरला आणि त्याचे कान तापले, छाती इतकी धडधडू लागली की शेजारच्या बाईने शांतपणे त्याच्यासाठी पाणी मागवलं. एका लहानशा हरण्यासाठी डोळ्यांत पाणी आलं होतं. तो उठून बाहेर कठड्याशी गेला. दूरवर नदीचं मुख दिसत होतं. आता तरी रोहिदाससाठी रडू येईल, या आशेने त्याने ती सकाळ आठवायला सुरुवात केली. कललेली बार्ज. अर्धवट आवरलेला दोर. कठड्यावरचा डावा हात.

एकेक गोष्ट आठवत गेली तशी छातीतली धडधड ओसरत गेली. त्याने मनगटावर बोटं ठेवली. नाडी सत्तरवर आली होती.

तो आत जाऊन पुन्हा टेबलाशी बसला. गोटी फिरू लागली, छाती पुन्हा उसळली, तेव्हा निनादने डोळे मिटले आणि रोहिदासचा सुटणारा हात नीट, सावकाश आठवला.