नकाशात न काढलेलं चहाघर

किटलीची लांबलचक नळी हवेतच थांबली.

"ओता ना," मानछिंग म्हणाली.

"ओतलं तर हात हलेल," तो म्हणाला. "आणि तुम्ही हाताचंच चित्र काढताय... नाही का?"

तिने कागद झटकन पालथा घातला. कानाच्या पाळ्या गरम झाल्या. बांबूच्या खुर्च्यांवर जिन्कोच्या झाडाची पिवळी पानं पडत होती, कुठेतरी माजाँगच्या डावातल्या सोंगट्या खडखडत होत्या, आणि हा वाढपी तिच्यासाठी श्वास रोखून उभा होता!

"अरे शाओतांग!" मागून म्हातारे तेंग आजोबा ओरडले. त्यांच्या पिंजऱ्यातला पक्षीही दचकला. "ती तुझं चित्र काढेपर्यंत मी काय लाळ गिळू?"

तो हसला. वाकला. नळीतून पाण्याची बारीक धार निघाली आणि जाईच्या सुकल्या कळ्या कपात उमलत वर आल्या. एक थेंबही बाहेर सांडला नाही.

त्या दिवसापासून मानछिंग रोज येऊ लागली.

चेंगडूचं आभाळ कायम राखाडी. त्या राखाडीत तिला रंग दिसायचे. उड्डाणपुलाखालची शेवयांची गाडी, गच्चीवर वाळत घातलेले सॉसेजचे हार, कालव्याच्या कडेला लोकर विणत बसणाऱ्या बायका. ती चित्र काढायची, लोक ते फोनवर बघायचे... आणि दुसऱ्या दिवशी तिथे गर्दी लोटायची. फोन उंचावलेली, ओठ रंगवलेली, रांगा लावलेली गर्दी. शेवयांच्या मावशीला जागामालकाने उठवलं. तिथे आता काचेचं कॉफीघर आहे. बायका लोकर गुंडाळून घरात जाऊन बसल्या.

जे आवडलं, ते काढलं. जे काढलं, ते गेलं.

आणि आता एका प्रकाशकाला तिच्याकडून नकाशा हवा होता, चित्रकाराच्या आवडत्या जागांचा. सगळ्या जागा देऊन झाल्या होत्या. एक सोडून.

"काय गं चित्रवाली," शाओतांग एव्हाना 'तुम्ही'वरून 'तू'वर घसरला होता, "आज माझं नाक काढलंस की कान?"

"तुझा आगाऊपणा. कागदावर मावेना."

"मग मोठा कागद आण. मी कुठे पळून जातोय?"

पण पळायची वेळ येत चालली होती. रोज एखादी खुर्ची रिकामी राहायची, मग ती रिकामीच राहायची. जुनी गिऱ्हाइकं म्हातारी झाली होती आणि नवी येत नव्हती. चहाघर शाओतांगच्या मामाचं. नव्या वर्षाच्या सणापर्यंत पाहू, नाहीतर टाळं, असं मामा म्हणून बसले होते. दूरच्या शेंझेनहून चुलतभाऊ फोन करकरून बोलावत होता... कारखान्यात काम आहे, ये.

मानछिंगला रात्री झोप लागेना. चित्र दिलं तर हे अंगण कॉफीघर होईल. नाही दिलं तर हा मुलगा शेंझेनचा होईल. दोन्हीकडून जाणार तोच!

एका धुरकट दुपारी तो किटली घेऊन तिच्याजवळ थांबला. आज हसत नव्हता.

"तुझ्या त्या नकाशात... आमची जागा आहे का गं?"

तिच्या पिशवीत ते चित्र होतं. अंगण होतं, झाड होतं, किटली होती, तो होता. दारावरची पाटी तेवढी कोरी होती.

"नाही," ती म्हणाली.

"अच्छा."

"शाओतांग, तसं नाही..."

"अगं, असू दे. आवड काय जबरदस्तीने येते? चहा निवला, थांब, गरम ओततो."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. संपादक बाई. "मानछिंग, संध्याकाळपर्यंत शेवटची जागा पाठव, नाहीतर नकाशा तसाच छापायला जाईल."

ती उठली. हातातलं कपाचं झाकण तसंच कपात टाकून, पिशवी उचलून, बोलत बोलत ती दाराबाहेर कालव्यापर्यंत गेली. बाईंना काय सांगितलं ते तिलाच कळलं नाही. पाण्याकडे बघत ती किती वेळ उभी राहिली तेही नाही.

परत आली तर कप नव्हता. तिच्या खुर्चीवर एक अनोळखी माणूस डोळे मिटून फिरत्या कानसाफवाल्याकडून कान साफ करून घेत होता.

"माझी जागा?"

तेंग आजोबांनी मान हलवली. "तूच सोडलीस की. झाकण उलटं टाकून गेलीस कपात."

या शहरात चालायला लागण्याआधी पोराला झाकणाची भाषा कळते. कप खुर्चीवर ठेवला तर 'येतोय, जागा धरा'. झाकण कपात उलटं टाकलं तर 'झालं माझं, उचला'. कुणी विचारत नाही, कुणी सांगत नाही. आणि आधी ती म्हणाली होती 'नाही'.

"त्याने लगेच नाही उचलला," आजोबा पिंजऱ्याकडे बघत पुटपुटले. "फेऱ्या मारत राहिला कपाभोवती. मी म्हटलं, गाढवा, उचल, कशाला स्वतःला छळतोस? मग उचलला. आणि भावाला फोन लावला."

ती मागच्या मोरीकडे धावली. शाओतांग पाठमोरा कप विसळत होता.

"मी कायमची उठले नव्हते!"

तो वळला नाही. "झाकण उलटं होतं."

"घाबरले होते रे! झाकणाकडे कोण बघतंय?"

"चेंगडूची पोरगी आहेस ना तू?" आता तो वळला. कोपरापर्यंत ओले हात, डोळे लाल. "कशाला घाबरलीस? मी खातो का तुला?"

तिने पिशवीतून चित्र काढलं आणि त्याच्यापुढे धरलं.

तो बघत राहिला. "मी एवढा देखणा नाहीये."

"माहितेय."

"पाटीवर नाव का नाही?"

"नाव घातलं की लोक येतात. लोक आले की... मला जे आवडतं ते राहत नाही, शाओतांग. शेवयांची मावशी राहिली नाही. तू पण..." तिने कागदाचं टोक दुमडलं. "मला तू आवडतोस. म्हणून नकाशात नाही काढलं. कळलं? आता हस."

तो हसला नाही. ओले हात सदऱ्याला पुसले, परत पुसले.

"हजार माणसं आली तर हजार कप विसळीन मी. त्याचं काही नाही. पण आज तुझा एकच कप विसळत होतो ना... तो संपतच नव्हता."

मोरीतला नळ गळत राहिला.

"भावाला काय सांगितलंस?" तिने विचारलं.

"येतो म्हटलं."

"मग?"

"मग आता त्याला माझी शिवी खावी लागणार. म्हणजे मला त्याची, येत नाही म्हटल्यावर." त्याने चित्र जपून घेतलं. "चहाघर राहील का गर्दीत बुडेल, ते मला ठाऊक नाही, मानछिंग. पण ते घाबरणं माझं. तू माझ्या वाट्याचं घाबरू नकोस. पाटीवर नाव घाल. आणि मी... मी राहतोय. गर्दी असो नसो."

"आणि टाळं लागलं तर?"

"तर दुसरीकडे कुठे किटली धरीन. याच शहरात. तू चालत येशील एवढ्या अंतरावर."

तिने तिथेच, ओट्यावर कागद ठेवून, पाटीवर नाव लिहिलं. अक्षर वाकडं आलं. फोनने चित्र टिपलं, आणि संपादक बाईंना पाठवताना तिने डोळे गच्च मिटून घेतले.

"गेलं?"

"गेलं."

"मेलो नाही अजून," तो म्हणाला.

"गप रे! माझं हृदय बघ कसं धडधडतंय."

"कुठे, बघू?"

"शाओतांग!"

अंगणात आल्यावर तिने त्याच्या हातातली किटली ओढून घेतली आणि त्याला रिकाम्या खुर्चीकडे ढकललं. तो कधीच त्या खुर्च्यांवर बसला नव्हता. टोकाला टेकला, परक्या घरी आलेल्या पाहुण्यासारखा. तिने ती लांब नळी उचलली. धार डावीकडे गेली, उजवीकडे गेली...

"अगं पोरी, कपात ओत!" तेंग आजोबा ओरडले. "त्याच्या बुटात नको!"

बूट भिजला होता. पाणी चांगलंच कढत होतं. शाओतांगने ओठ आवळले, डोळ्यांत पाणी आलं...

पण पाय काही मागे घेतला नाही.