सर्व्हरमधला चौथा कप्पा

१९९८ सालच्या एका मंगळवारी, सकाळी अकरा वाजून सतरा मिनिटांनी, राजाजीनगरातल्या रणजीतच्या घरी सर्व्हर पहिल्यांदा सुरू झाला. वेळ त्याच्या बायकोनं, रम्यानं, वहीत टिपली. सगळा बेतही तिनंच लिहिला होता, तान्ह्याला मांडीवर घेऊन. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळणारा रणजीत सांगे, ती लिही. कॉम्प्युटरचा जुना डबा, वाढीव मेमरी, नेटवर्क कार्ड, तो चालवायला लिनक्सची सीडी, वीज गेली तर यूपीएस. हार्ड डिस्क तेवढी वापरलेली मिळाली. कुणाच्या घरातली, देव जाणे.

"पण हे करतं काय?" सासऱ्यांनी, विश्वासरावांनी विचारलं.

"कोठीच समजा, मामंजी. ज्याचा त्याचा कप्पा. तुमच्या मंडळाची यादी तुमच्या कप्प्यात, ह्यांचं काम ह्यांच्या. आणि एक माझा!"

"सातवी शिकलेली सून सर्व्हर बांधते! मंडळात सांगायलाच हवं." म्हातारा मिशीत हसला. रम्याला आभाळ ठेंगणं झालं.

बेतात कप्पे तीन होते. पडद्यावर चार दिसले.

रम्यानं इंग्रजी अक्षरं एकेक लावत चौथं नाव वाचलं. मल्हार.

मांडीवरच्या बाळासाठी हे नाव तिच्या मनात होतं, फक्त मनात. बारशाआधी नाव ओठांवर आणायचं नाही, ही घरची रीत. गेल्या खेपेला तिनं हौसेनं आधीच नाव घेतलं होतं, आणि ते बाळ बारशापर्यंत पोचलंच नव्हतं.

"अहो... हा कुणी केला?"

"मी नाही." रणजीतनं कप्पा उघडला. रिकामा. पुसून टाकला. दुसऱ्या दिवशी तो परत होता. मग त्यानं अख्खी डिस्क धुऊन लिनक्स नव्यानं चढवलं. कप्पे चारच.

अडगळीच्या खोलीत तो डबा दिवसभर घुमत राही. त्याच्या जाळीतून गरम वारा येई, आणि त्या वाऱ्याला... वेखंडाच्या धुरीचा वास. रम्या धुरी देई ती पुढच्या खोलीत, दार लावून.

"स्वल्प धीर धर," रणजीत म्हणाला. "बारसं होऊ दे, डिस्कच फेकतो."

बारशाच्या सकाळी पाळण्याची दोरी धरून रम्यानं मन घट्ट केलं. मल्हार नको. त्याच क्षणी तिनं दुसरं नाव धरलं आणि नणंदेच्या, कावेरीच्या, कानाशी तोंड नेलं.

"अक्का, ऐका..."

आतल्या खोलीत डिस्क करकरू लागली. कुणीतरी घाईघाईनं बोरू चालवावा तशी.

कावेरीनं बाळाच्या कानात नाव सांगितलं, गिरीराज. बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले, हसल्या. आणि दारात रणजीत उभा, चेहरा पांढराफटक.

"रम्या... पाचवा कप्पा आलाय."

"गिरीराज?"

त्यानं होकारार्थी मान हलवली. "आणि हा... रिकामा नाही."

तो कप्पा कुणी उघडला नाही. डिस्क फेकायचं रणजीतनं पुन्हा काढलं, तेव्हा रम्या आडवी आली. "आत माझ्या गिरीराजचा जीव असला तर?"

गिरीराज आता गुटगुटीत झालाय. सर्व्हर एक दिवसही बंद पडलेला नाही; सगळ्या गल्लीत असा नाही, हे रम्या पाहुण्यांना ताठ मानेनं सांगते. वीज गेली की मात्र आधी यूपीएसकडे धावते, मग पाळण्याकडे.

तर बायांनो, घरात बारसं व्हायचं असेल तोवर दुसऱ्याची डिस्क उंबऱ्याच्या आत घेऊ नका. जिची कूस भरलीय, अशी एखादी ओळखीची असेल तर आजच तिच्या कानावर घाला.